उत्तरेच्या खांबाला तुम्ही ठीक का म्हणालात?

भास्करराव, तुमच्या मातीला मी आलो होतो. तुम्हाला वाटलं असेल, हा येणार नाही. कब्रस्तानाच्या फाटकाशी कडुनिंबाखाली उभा राहिलो, आणि पाद्रीसाहेबांची प्रार्थना चालू असताना डोळे मिटायचे सोडून लोकांची तोंडं बघत होतो. मुळे कंत्राटदार सगळ्यांच्या पुढे उभा राहून रुमालाने डोळे पुसत होता. मला लगेच शंका आली. ह्याला एवढं रडायला काय झालं? ह्याचं असं कोणतं काम तुम्ही करून दिलं होतं?

बाहेर पडताना मी त्याला गाठलंच. म्हटलं, "लई जवळचे हुते जनू तुमच्या?"

"माझी ओढ्यावरची मोरी पाडायला लावली त्यांनी," मुळे म्हणाला. "नवी बांधली, तीपण पाडायला लावली." आणि पुन्हा रडायला लागला.

मोरी पाडायला लावणाऱ्यासाठी माणूस कशाला रडतो, ते मला अजून कळलेलं नाही. मी रडलो नाही. मला तुमच्याशी बोलायचं होतं आणि तुम्ही उठून निघून गेला होतात. बोलणं अर्धं टाकून जायची तुमची सवय नव्हती. त्यामुळे रडू येण्याआधी मला राग आला.

तुमचे विद्यार्थी तुमच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढताहेत. माझ्याकडे आले, म्हणाले, चार शब्द लिहून द्या. मी सांगितलं, माझे शब्द गोड नसतील. तर म्हणाले, चालेल, सरांना डॉक्टरांनी गोड बंदच केलं होतं. पोरं तुमच्यासारखीच निघाली आहेत.

तेव्हा सरळ विचारतो. माझ्या टाकीच्या दक्षिणेच्या खांबावर तुम्ही नापासाचा शिक्का मारलात, त्याबद्दल मी तुमच्याशी दोन वर्षं भांडलो. ते भांडण आता राहू द्या. मला उत्तरेच्या खांबाबद्दल विचारायचं आहे. त्याला तुम्ही ठीक का म्हणालात?

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. पाथर्डीच्या पुढे माळावर एक गाव आहे, तिथे उंच पाण्याची टाकी मी बांधली. चार खांब, चार दिशांना. माझं गाव तिथून जवळच. माझे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला राहात्याकडच्या बागायती भागात जायचे. मी कोयता सोडला आणि तिथल्याच कारखान्याच्या बांधकामावर खडी-वाळू कालवायला लागलो. तिथून मिस्त्री झालो, मिस्त्रीचा कंत्राटदार झालो. मला कोणी बोट धरून चालवलेलं नाही. म्हणून ती टाकी माझ्यासाठी नुसतं काम नव्हतं. ज्या मुलखातून पाण्यावाचून माणसं बाहेर पडतात, तिथे मी पाणी उंचावर नेऊन ठेवलं होतं.

काही वर्षांनी खांबांवर तांबूस ओघळ दिसायला लागले. सरकारी बांधकामाच्या कचेरीत कोणीतरी तक्रार केली. कोणी केली ते मला आजही समजलेलं नाही. माझा संशय मुळ्यावर होता, आणि तो रडला तरी अजून आहे. कचेरीने ठरवलं की तपासणी व्हावी आणि नगरहून कॉलेजचे भास्करराव सर नवं अल्ट्रासॉनिक यंत्र घेऊन यावेत. टाकी कच्ची निघाली तर माझं नाव काळ्या यादीत जाणार होतं. काळ्या यादीत गेलेल्या कंत्राटदाराला पुढे कोणी साधी गटारसुद्धा बांधायला देत नाही.

तुम्ही एसटीतून उतरलात ते यंत्राची पेटी छातीशी धरून. कंडक्टरने ती टपावर टाकायला सांगितली तेव्हा तुम्ही म्हणे पेटीचं वेगळं तिकीट काढायला निघालात आणि तिला मांडीवर घेऊन बसलात. हे मला कंडक्टरनेच सांगितलं, कारण तुम्ही खाली उतरायच्या आत मी त्याला विचारून घेतलं होतं, साहेब कोणाबरोबर बोलत आले, वाटेत कोणी भेटलं का. तुमच्यावर माझा पहिल्या क्षणापासून विश्वास नव्हता. हे मी तुमच्यापासून कधी लपवलं नाही.

पंपघरातून वीज ओढून तुम्ही यंत्र चालू केलं. काचेवर हिरवी रेघ थरथरायला लागली. दोन वायरींच्या टोकांना पितळी डब्यांसारखे तुकडे होते. खांबाच्या एका अंगाला ग्रीस चोपडून एक तुकडा दाबायचा, पलीकडच्या अंगाला दुसरा. एकातून आवाज जाणार, दुसऱ्यात पोचणार, आणि आपल्याला काहीच ऐकू येणार नाही. पाणी भरायला आलेल्या बायका हंडे खाली ठेवून बघत राहिल्या. एक म्हातारी पुढे झाली.

"आवो डाक्टर, टाकीला दिस गेल्यात का बघा की नीट."

सगळ्या हसल्या. तुमच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "आजी, दिवस गेलेत का भरलेत, तेच बघायला आलोय," तुम्ही म्हणालात. मग बायका हसल्या नाहीत. मला मात्र तो विनोद अजिबात आवडला नाही, कारण माझी टाकी होती.

मी विचारलं, "ह्यात गंज दिसतो का?"

"नाही."

"मग एवढं वझं कशाला आनलं?"

"सळई गंजली की फुगते, नामदेवराव. फुगली की काँक्रीटला आतून चीर पाडते. चीर आडवी आली की आवाजाला वळसा घालून जावं लागतं, म्हणून उशीर होतो. तो उशीर हे यंत्र मोजतं."

"म्हंजे चोर दिसत न्हाई. भितीला भगदाड दिसलं की चोर येऊन गेला म्हनायचं."

तुम्हाला ते आवडलं. मानेने होय म्हणालात. "आणि भगदाड चोराशिवायही पडतं. म्हणून शंका आली की शेवटी फोडूनच बघावं लागतं."

"फोडायचं न्हाई!" हे सरपंच ओरडले. आबा सरपंच, तेव्हाही सत्तरीच्या घरातले, काठी टेकत आले होते. "गावात दुसरं पानी न्हाई. टँकरचं पानी टाकीत हाय. खांबाला छिन्नी लावली अन् काय झालं म्हंजे? तुमी यंत्र लावा, फोडाफोडी न्हाई."

दुष्काळाचं वर्ष होतं ते. फोडायचं नाही यावर मी आणि आबा दोघे एक झालो. कारणं वेगवेगळी होती.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. बाकी कोणी साहेबाने तो कधी विचारला नव्हता. "काँक्रीट कालवायला पाणी कुठलं वापरलं?"

आबाच बोलले, छाती काढून. "मचूळ हिरीचं. गोड्या हिरीचं पानी शिमिटात घालाया आमी काय येडं हाय? बायका तवा कोसावरनं पानी आनत हुत्या. म्या सोता गोड्या हिरीवर मानूस बसवला हुता, कंत्राटदाराच्या गाड्याला हात लावू देऊ नगं म्हनून. शिमिटाला काय चव कळती व्हय?"

ते खरंच होतं. गोड्या विहिरीला माझी घमेली जाऊ नयेत म्हणून गावाने राखणदार ठेवला होता. मी गाड्यातून गोडं पाणी बाहेरून आणायची परवानगी कचेरीत मागितली, तर ओव्हरसियर म्हणाले, गाव तहानलेलं असताना असलं मागणं बोलूसुद्धा नका. माणसांनी गोडं प्यावं, बांधकामाने खारं प्यावं, असं सगळ्यांच्या देखत ठरलं आणि सगळ्यांना ते पुण्याचं काम वाटलं. आमच्याकडे सगळीकडे तसंच करतात. लोखंडाला मीठ चालत नाही हे गावाला माहीत नव्हतं. मला ऐकून माहीत होतं, पण इतक्या लवकर फळ येईल असं माहीत नव्हतं.

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. माझ्याकडे बघून काही बोलला असतात तर मी तिथेच भांडलो असतो. तुम्ही काहीच बोलला नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं. मनात म्हटलं, ह्या माणसाचं ठरलं. गावाला कोणी काळ्या यादीत टाकत नाही. ओव्हरसियरची बदली होऊन गेली. राहिलो मी.

पूर्वेचा आणि पश्चिमेचा खांब जेमतेम पास झाले. दक्षिणेच्या खांबाला आवाज उशिरा पोचला.

"पुन्हा घ्या," मी म्हटलं.

तुम्ही पुन्हा घेतलं. तसंच आलं.

"बोटभर वर घ्या. तिथं खडीचा गोटा आला असंल."

बोटभर वर घेतलं, खाली घेतलं. कडेला सरकवलं. मी यंत्राकडे बघून, तुमच्याकडे बघून, आबांकडे बघून घासाघीस करत राहिलो. म्हटलं, विजेचा दाब कमी-जास्त होतोय, हिरवी रेघ बघा कशी नाचतेय, हे मोजमाप कसं धरता? ग्रीस पातळ आहे. तुमचा हात थरथरतोय. शेवटी तुम्ही तुकडे खाली ठेवलेत आणि म्हणालात, "ही मंडई नाही हो. आवाज काही भाव कमी करत नाही." आणि त्या खांबावर खडूने फुली मारलीत. बायकांच्या समोर. ती फुली अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

दुपारी पंपघराच्या सावलीत जेवायला बसलो. तुमच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि वांगं होतं, म्हणून मला जरा बरं वाटलं; साहेब लोकांच्या डब्यात काय असतं ते मी नेहमी बघतो. तिथे मी तुम्हाला म्हणालो, "सायेब, काळ्या यादीत गेलो तर माजा धंदा संपला. पोरं साळंतनं काढीन, बायकोला संगं घेईन, अन् बापानं धरला तोच कोयता धरून पुन्यांदा ऊस तोडाया जाईन."

तुमचा घास हातातच राहिला. मग डबा झाकलात.

जेवणानंतर उत्तरेचा खांब राहिला होता. त्या खांबाला लागून नळ आहे, तिथेच बायकांची रांग लागते, हंड्याला हंडा चिकटलेला असतो. वरच्या वॉल्व्हमधून पाणी झिरपत राही, खांब कायम ओला. तुम्ही तुकडे लावलेत. एकदाच. रेघेकडे पाहिलंत आणि म्हणालात, "हा ठीक आहे. चला."

मी काही बोललो नाही. समोरचा आपणहून भाव उतरवतो तेव्हा त्याला का म्हणून विचारायचं नसतं. इतकं मी बाजारात शिकलो आहे.

परत येताना आपण एकाच एसटीत होतो. पेटी तुमच्या मांडीवर. मी विचारलं, "सायेब, खरं सांगा, ह्या यंत्राला फसवता येतं का?"

"येतं," तुम्ही म्हणालात. "चीर कोरडी असली तर आवाज अडतो. पाण्याने भरलेली असली तर आवाज पाण्यातून पार होतो. ओली चीर आणि चांगलं काँक्रीट, दोन्ही यंत्राला एकसारखी वाटू शकतात."

एवढं बोलून तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात, नगर येईपर्यंत. मला वाटलं थकलात. मी मनातल्या मनात ते वाक्य पाठ करत होतो, पुढे अपील केलं तर तुमच्यावरच उलटवायला. ओला खांब माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही.

अहवाल गेला. दक्षिणेच्या खांबाला बाहेरून नवं काँक्रीट चढवावं, गावाला पाण्याची दुसरी सोय झाली की टाकी रिकामी करून ते काम त्याच कंत्राटदाराने करून द्यावं, तोपर्यंत टाकी अर्धीच भरावी. काळ्या यादीतून मी वाचलो. पण माझ्या नावापुढे शेरा आला, आणि शेऱ्यामुळे पुढचं शाळेचं काम मुळ्याला गेलं. बघा, म्हटलं, धागा कुठे जाऊन जुळतो. मी तुमच्याविरुद्ध कॉलेजात अर्ज केला. यंत्र सदोष, तपासणारा पक्षपाती.

त्यानंतर तुम्ही मला नगरच्या स्टँडवर भेटलात. मी तोंड फिरवलं, तर तुम्हीच हाक मारलीत. "नामदेवराव! तुमचा अर्ज वाचला. भाषा चांगली आहे. कोणाकडून लिहून घेतलात?"

"कुनाकडनं? म्याच लिवला."

"मग आमच्या पोरांना अहवाल लिहायला शिकवा येऊन. एक ओळ धड लिहीत नाहीत."

मी चहा न घेता निघून गेलो. मला वाटलं, गोड बोलून अर्ज मागे घ्यायला लावायचा डाव आहे. नाताळात तुमच्याकडून फराळाचा डबा आला तेव्हा मी बायकोला सांगितलं, का पाठवलाय ते कळल्याशिवाय उघडायचा नाही. संध्याकाळी घरी आलो तर पोरांच्या गालांना करंज्यांची पिठी लागलेली. बायको म्हणाली, "डाव असंल तर असू द्या, सारन झ्याक हाय." दुसऱ्या नाताळालाही डबा आला. तोही पोरांनी फस्त केला. मी एकही करंजी खाल्ली नाही. आता वाटतं, एक खायला काय हरकत होती. सारणात काही तुमचा अहवाल मिसळलेला नव्हता.

छातीच्या दुखण्याने तुम्ही दवाखान्यात आहात असं कळल्यावर मी आलो, तेही बायकोने डोक्याशी कटकट केली म्हणून. तुम्ही उशीला टेकून बसला होतात. तब्येतीचं विचारायच्या आत तुम्हीच विचारलंत, "टाकी रिकामी केलीत का?"

"पाऊस कुठं झालाय? कशी करू? गावानं काय प्यायाचं?"

"करा. लवकर करा. आबांना सांगा, नळ तिथून हलवा."

"एका फुलीनं भागलं न्हाई का तुमचं?" मी म्हणालो. हो, दवाखान्यात म्हणालो. तुम्ही चिडला नाहीत. मग मार्थावहिनी औषध घेऊन आल्या आणि मी उठलो. तीच आपली शेवटची भेट.

नळ हलवा म्हणालात. नळ उत्तरेच्या खांबाशी होता, दक्षिणेच्या नव्हे. मी तेव्हा ते ऐकलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. आता रात्रंदिवस लावतो आहे.

तुम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत गावाच्या खालच्या अंगाला विहिरीला पाणी लागलं. कचेरीने टाकी रिकामी करायला परवानगी दिली. मी रावजी मिस्त्रीला घेऊन दक्षिणेच्या खांबाच्या कामाला गेलो. तुमची फुली पुसून टाकायला म्हणून गेलो, असंच म्हणा. परांचीसाठी दोर बांधायला रावजीने उत्तरेच्या खांबात एक खुंटी ठोकली, आणि खांबाचा अख्खा पापुद्रा सुटून त्याच्या पायाशी पडला. भाकरी फुगून वरचा पापुद्रा सुटतो ना, तसा. आत ओलं होतं. उभी सळई हाताला लागली तर तांबडी पूड निघाली. सळयांना आवळून धरणारी रिंग तर जागोजाग तुटलेली, काडीइतकी बारीक.

रावजी मागे सरकला. "मालक, फुली चुकीच्या खांबाला हुती व्हय?"

मी त्याला गप्प बस म्हटलं. पण मी जिंकलो होतो, भास्करराव. दोन वर्षं ओरडून सांगत होतो, यंत्र खोटं आहे, तुमचं मोजमाप चुकतं. पुरावा माझ्या पायाशी पडला होता. आणि पुरावा असा की तो दाखवला तर माझीच टाकी पडणार होती.

कचेरीतले नवे साहेब तरुण आहेत, वाईट नाहीत. आले, बघितलं, रुमालाने हात पुसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कागदावर हा खांब ठीक आहे. भास्करराव सरांचा शब्द आहे. तुम्ही गिलावा करून घ्या, दोन्ही खांबांना नवं काँक्रीट चढवल्यासारखं दिसेल. कशाला उकरता?"

मी म्हटलं, "अन् टाकी भरली की?"

"अर्धीच भरायची."

"गाव अर्धी भरतंय व्हय? उनाळ्यात काठोकाठ भरत्यात."

साहेब म्हणाले, "बघा बुवा. उकरलंत तर शेरा नाही, सरळ काळी यादी. आणि सरांचं नावही जाईल, ते वेगळंच. विचार करा."

मी विचार केला. मला रागच आला, आणि तो तुमच्यावरच. कारण खांबाजवळ उभा राहून मला तुमचा तो दुपारचा घास आठवला. हातात राहिलेला. दक्षिणेच्या खांबाला तुम्ही वर घेतलं, खाली घेतलं, कडेला घेतलं. इथे एकदाच. ओली चीर यंत्राला फसवते हे तुम्हाला माहीत होतं, तुम्हीच मला एसटीत सांगितलंत. मग ओला खांब पुसून, वाळवून, पुन्हा का नाही मोजलात? तेव्हाच छातीत दुखत होतं म्हणून? थकला होतात म्हणून? की कोयत्याचं ऐकून?

भास्करराव, कोयत्याचं ते बोलणं मी प्रत्येक साहेबाला ऐकवतो. ओव्हरसियरला ऐकवलं, सिमेंटच्या व्यापाऱ्याला ऐकवतो, बँकेत ऐकवतो. भाव करताना माणूस बोलतो ते सगळं. तुम्ही ते खरं धरलंत? भर बाजारात वाढलेल्या माणसाचं रडगाणं तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने खरं धरायचं असतं? तुम्ही माझ्यावर दया केली असलीत तर ती मला न विचारता केलीत, आणि त्या दयेखाली दोन वर्षं गावच्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. एकदा नजर चुकली म्हणालात तर मी सोडून देईन. यंत्र फसलं म्हणालात तर तेही. पण दया केलीत असं निघालं तर मी काय करू? मी तुमच्यावर पक्षपाताचा अर्ज केला होता. पक्षपात केलाही असेल तुम्ही, पण माझ्याच बाजूने. हे मला सहन होत नाही.

मार्थावहिनींकडे गेलो. सांगितलं, मी हे कचेरीत उघड करणार आहे आणि त्यात तुमच्या मालकांचं नाव येणार आहे. त्या तुमच्या खुर्चीजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्याकडे परवानगीला आलात की भांडायला?"

म्हटलं, "विचारायला. ते कधी त्या खांबाबद्दल काही बोलले का घरी?"

"तुमच्याबद्दल बोलायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, हा माणूस माझ्याशी भांडतो तेव्हा बरं वाटतं. खांबाबद्दल मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं. जिवंतपणी विचारायचं होतंत." मग आत जाऊन पाणी आणलं. मी प्यालो. तुमच्या घरचं पहिलंच.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन सांगितलं, उत्तरेचा खांब गेला आहे, टाकी भरू देऊ नका. आबांना सांगून नळ पार मारुतीच्या देवळाकडे नेला. आबा म्हणाले, "तू बांधली, तूच पाडतोस? मचूळ पानी आमी दिलं, त्यो दोस आमचा." मी म्हटलं, आबा, कचेरीत येऊन हे सांगाल का? ते म्हणाले, सांगतो की. आले, काठी टेकत, आणि सांगितलं. कचेरीने लिहून घेतलं. माझं नाव काळ्या यादीत जाणार की नाही, ते अजून ठरायचं आहे.

चौकशीला तीन साहेब बसले होते. त्यांनी मला विचारलं, "भास्कररावांनी हा खांब ठीक ठरवला होता. मग चूक कोणाची? त्यांनी निष्काळजीपणा केला असं तुमचं म्हणणं आहे का? तुम्ही तर आधी त्यांच्याविरुद्ध अर्जही केलेला आहे."

मी उभा राहिलो. माझ्या मनातला संशय तिथे बोलून टाकता आला असता. एवढ्या दिवसांचा राग होता, कोणी अडवलं नसतं. मी म्हणालो, "त्या दिशी खांब वल्ला हुता. म्या डोळ्यानं बघितलाय. वल्ल्या चिरेतनं आवाज पार जातो, यंत्राला कळत न्हाई. एवढंच लिवून घ्या."

"म्हणजे दोष सरांचा नाही?"

"खांब वल्ला हुता, सायेब."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. एकानेही उलट प्रश्न केला नाही. आजवर मी कुठल्याही कचेरीत तोंड उघडलं की लोक आधी माझ्या बोलण्यात खोट शोधतात. या वेळी मात्र सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला, कारण भास्कररावांची बाजू मी तरी कधीच घेणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.